दोन 'मृच्छकटिकां'पैकी एक रद्दीत का? : ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मी आपल्या ग्रंथालयाची गेली ४१ वर्षे सभासद आहे. ग्रंथालयाचे नाव या पत्रात मुद्दामच लिहिलेले नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांना ते कळेलच; शिवाय आपल्याकडे जे घडले ते मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात उद्या घडणार नाही, अशी खात्री मला देता येत नाही. म्हणूनच कार्यालयात अर्ज देऊन स्वस्थ न बसता हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. अर्ज मी दिला आहे. त्याची पोच माझ्याजवळ आहे. उत्तर मात्र सहा आठवडे उलटले तरी आलेले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर देवघेव विभागाच्या सूचनाफलकावर एक सूचना लागली. इमारतीच्या पुनर्विकासासाठी पुस्तके तात्पुरत्या जागेत हलवायची आहेत, तिथे जागा निम्मीच आहे, त्यामुळे नाट्यविभागापुरते 'एक शीर्षक, एक प्रत' असे धोरण ठरले असून, संगणकावरील यादीत ज्या शीर्षकाच्या एकाहून अधिक प्रती दिसतील त्यांतील सुस्थितीतील एक राखून उरलेल्या प्रतींचे निर्लेखन करण्यात येईल, म्हणजे त्या संग्रहातून काढून टाकल्या जातील, असे तीत म्हटले होते. वाचताना मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करते. 'तो मी नव्हेच'च्या एकाच आवृत्तीच्या चार प्रती कपाटात कशाला हव्यात, असे मीही म्हटले असते. परंतु 'शीर्षक' आणि 'नाटक' हे दोन शब्द त्या सूचनेत एकाच अर्थाने वापरले आहेत, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती जानेवारीत.

जानेवारीत मी परशुरामतात्या गोडबोले यांनी शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून केलेले मराठी 'मृच्छकटिक' मागितले. माझी एक भाची मराठी घेऊन एम. ए. करते आहे, तिला ते हवे होते. खिडकीवरच्या तरुणाने अगत्याने गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत मृच्छकटिक' आणून दिले. हे देवलांचे आहे, मला गोडबोल्यांचे हवे, असे सांगितल्यावर त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तिथे नोंद होती : मृच्छकटिक, लेखक शूद्रक, प्रती दोन, निर्लेखित एक. गोडबोल्यांचे पुस्तक जिन्याखाली, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांपैकी कुठल्यातरी एका गठ्ठ्यात गेले होते. त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. दोन्ही पुस्तकांवर शूद्रकाचे नाव, दोन्हींचे शीर्षक एक. ज्याने नोंद केली त्याने मुखपृष्ठाच्या आत डोकावून पाहिले नाही, एवढेच.

डोकावला असता तर काय दिसले असते? 'नवनीत' या काव्यवेच्यांच्या संग्रहाचे संपादक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या गोडबोल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्कृत नाटके एकामागून एक मराठीत आणली. मराठी वाचकाला मूळ नाटक समजावे, हा त्यांचा हेतू होता. देवलांचा हेतू वेगळा होता. त्यांच्यासमोर गाणारे नट होते, तिकीट काढून बसलेले प्रेक्षक होते आणि पद कुठे आले म्हणजे प्रवेश उचलला जातो याचे तालमीत कमावलेले ज्ञान होते. एकच वसंतसेना, एकच चारुदत्त, आणि तरीही मराठी गद्य कसे वळत गेले हे पाहायचे असेल तर ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवूनच पाहावे लागते. आपण त्यांतले एक काढून घेतले आहे.

आता माझा यात काय संबंध, तेही सांगते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि पाळी सुटल्यावर आमच्या वाडीतल्या कामगारांच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. रंगमंचावर ते कधी उभे राहिले नाहीत. त्यांचे सारे नाटक विंगेत, एका स्टुलावर, मांडीवर पुस्तक आणि हातात बॅटरी घेऊन झाले. नटांना आपल्या नकला, म्हणजे आपापली भाषणे, पाठ असोत वा नसोत, वडिलांना सगळ्यांच्या पाठ असत; तरी पुस्तक उघडे ठेवल्यावाचून ते बसत नसत. त्यांच्या पुस्तकांत शिसपेन्सिलीने खुणा असायच्या : इथे पेटी सुरू, इथे टाळी ओसरेपर्यंत थांब, हे वाक्य अमका नेहमी विसरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो संपल्यासारखा कधी वाटलाच नाही, आणि दोनएक वर्षांनी वडील गावी परतले तेव्हा त्यांनी आपली ६३ नाटकांची ट्रंक हातगाडीवर घालून आपल्या ग्रंथालयात आणून दिली. त्याच दिवशी त्यांनी माझे नाव सभासद म्हणून घातले. तेव्हाच्या ग्रंथपालांनी प्रत्येक पुस्तकावर देणगीचा शिक्का मारून दाखल क्रमांक घातला. मी शेजारी उभी राहून पाहिले आहे.

निर्लेखनाची यादी मागून घेतली तेव्हा त्या ६३ पैकी ११ पुस्तके तीत निघाली. अकराही पुस्तकांपुढे कारण एकच लिहिलेले आहे : दुबार. वडिलांनी पुस्तकांच्या नोंदी केलेल्या वहीशी ताडून पाहिले असता त्यांतली चारच खरोखर दुबार आहेत. उरलेली सात वेगळ्या लेखकांची, वेगळ्या मंडळींसाठी लिहिलेली, वेगळीच नाटके आहेत. नाव तेवढे सारखे.

एका नावाची अनेक नाटके असणे ही कुणाला अपवादात्मक किंवा चुकून घडलेली गोष्ट वाटत असेल, तर तो समज दूर व्हायला हवा. आपल्या रंगभूमीचा पहिला साठा पुराणांतून आला, आणि पुराणातली कथा कुणा एकाची नसते. 'शाकुंतल' घ्या. कालिदासाचे मूळ, गोडबोल्यांचे मराठी रूप, आणि मग अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल', ज्याचे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचा प्रवाह वाहता झाला. आपल्या नव्या यादीत या तिघांची मिळून एक ओळ आहे.

'हरिश्चंद्र' तर याहून पसरलेला. हिंदीत भारतेंदू हरिश्चंद्रांचे 'सत्य हरिश्चंद्र' आहे, मराठीत आणि गुजरातीत त्या राजावर नाटके झाली, आणि पुढे १९१३ साली फाळक्यांचा मूकपट गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला तोही त्याच राजाचा. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे, की लहानपणी त्यांनी एका नाटक कंपनीचे 'हरिश्चंद्र' पाहिले, ते पाहून त्यांची तृप्ती होईना आणि मनातल्या मनात त्यांनी ते असंख्य वेळा पुन्हा केले असेल. नाटककाराचे नाव मात्र ते सांगत नाहीत. मुलाला नाटककाराचे नाव ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. ग्रंथालयाला ते नसावे, हे स्वाभाविक नाही.

'कीचकवधा'चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. भीमाने कीचकाला मारल्याची कथा कीर्तनांतून आणि आख्यानांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली तीच कथा, तेच नाव घेऊन नाटक लिहिले आणि प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला. १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. सरकारने कीर्तनातल्या कीचकवधावर बंदी घातली नाही, दशावतारातल्या भीमाला पकडले नाही. कथा एक असली, नाव एक असले, तरी नाटक वेगळे आहे आणि धोका नेमका कुठे आहे, हे परक्या सरकारच्या अधिकाऱ्यांनाही कळले होते. आपल्या संगणकाकडून मी एवढीच अपेक्षा करते आहे.

शेक्सपिअरच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणले. देवलांनी १८९० मध्ये त्याच कथेला एतद्देशीय पोशाख चढवून 'झुंझारराव' केले. आणि मग विसाव्या शतकात वि. वा. शिरवाडकरांनी पुन्हा 'ऑथेल्लो' लिहिले. पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. त्या काळात शास्त्रीबुवांची मराठी जाऊन कुसुमाग्रजांची मराठी आली होती. शिरवाडकरांचे पुस्तक अर्थातच अधिक सुस्थितीत आहे, त्यामुळे आपल्या नियमाने तेच राहील आणि जे दुर्मीळ आहे तेच जाईल. हा नियम जुन्याविरुद्ध आपोआप कौल देतो, हे तो करताना कुणाच्या लक्षात आले होते का?

हे केवळ आपल्याकडचेच आहे असेही नाही. ग्रीकांच्या तीनही थोर शोकांतिकाकारांनी, ईस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांनी, 'फिलोक्टेटीस' या एकाच नावाची नाटके लिहिली. आज पुरे नाटक हाती आहे ते एकट्या सोफोक्लीसचे. बाकीची दोन काळाच्या ओघात नाहीशी झाली, आणि ती कशी होती याचा अंदाज येतो तो मुख्यतः डिओ क्रिसोस्टम नावाच्या एका वक्त्याने तिन्ही नाटके वाचून त्यांची तुलना लिहून ठेवली म्हणून. 'एक शीर्षक, एक प्रत' याचा परिणाम काय होतो, याचा हा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाटकांवरचा पुरावा. उलट जाँ जिरोदू या फ्रेंच नाटककाराने १९२९ साली अँफिट्रिऑनच्या कथेवर नाटक केले तेव्हा नावापुढे '३८' हा आकडा लावला. आपल्या आधी सदतीस जणांनी ही कथा हाताळली, अशी ती थट्टा. थट्टेतसुद्धा त्याने आधीच्यांची मोजदाद ठेवली.

आता प्रत्यक्ष तक्रारींकडे येते.

पहिली आणि मुख्य तक्रार ही, की निर्लेखन पुस्तक हातात घेऊन झालेले नाही, पडद्यावरची यादी पाहून झाले आहे. दाखल नोंदवहीत या सर्व पुस्तकांचे लेखक नीट लिहिलेले आहेत. मी स्वतः तीन नोंदी काढून पाहिल्या. म्हणजे माहिती आपल्याच घरात होती. संगणकावर चढवताना 'लेखक' या रकान्यात मूळ संस्कृत वा इंग्रजी लेखकाचे नाव घातले आणि मराठी लेखकाला 'इतर' या रकान्यात टाकले, तिथेच घोटाळा झाला. ज्या भाषेच्या वाचकांसाठी हे ग्रंथालय चालते, त्या भाषेतला लेखक 'इतर' कसा ठरतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

दुसरी तक्रार अशी, की हीच यादी एकीकडे दोन नाटकांचे एक करते आणि दुसरीकडे एका नाटकाची दोन करते. 'ययाति' आणि 'ययाती' अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, कारण १९६२ च्या लेखननियमांनंतर शेवटची इकार दीर्घ झाली. परंतु त्यांतल्या एका नोंदीखाली खांडेकरांची कादंबरी आणि गिरीश कार्नाडांच्या नाटकाचे भाषांतर एकत्र बसवले आहे. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' तेवढे लांब नावामुळे वाचले. देवलांचे 'फाल्गुनराव' आणि त्याचेच पुढे त्यांनी केलेले संगीत रूप 'संशयकल्लोळ' यांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे यादीवरून कळत नाही. 'संगीत' हा शब्द काही नाटकांच्या आधी आहे, काहींच्या नंतर आहे, काहींचा गळला आहे, त्यामुळे 'सौभद्र' एकदा 'स' खाली 'संगीत' म्हणून आणि एकदा 'स' खालीच 'सौभद्र' म्हणून सापडते. आडनावावर भरवसा ठेवावा तर कोल्हटकरच किती! 'ऑथेल्लो'चे महादेवशास्त्री वेगळे, 'मूकनायक' लिहिणारे श्रीपाद कृष्ण वेगळे, 'संदेश'कार अच्युत बळवंत वेगळे. यादीत 'कोल्हटकर' एवढेच आहे. हा निव्वळ आळस आहे, आणि त्यावर अधिक काही लिहिण्याची माझी इच्छा नाही.

तिसरी गोष्ट वाचकांच्या प्रत्यक्ष अडचणीची. आमच्या सिंधुदुर्गातल्या गावच्या मंडळाला जत्रेसाठी द्रौपदीच्या वस्त्रहरणाचे जुने पौराणिक नाटक हवे होते. माझा चुलतभाऊ मुंबईत आला असता आपल्याकडे 'वस्त्रहरण' मागून गेला आणि घरी जाऊन पाहतो तर गंगाराम गवाणकरांचे १९८० चे! ते नाटक मला अतिशय प्रिय आहे, आणि गावात पौराणिक नाटक बसवताना काय काय होते हाच त्याचा विषय असल्यामुळे हा प्रसंग गवाणकरांनीच लिहिल्यासारखा झाला, हेही मान्य. पण मंडळाच्या तालमीचे आठ दिवस गेले, ते गेलेच. खिडकीवर 'कुणाचे हवे?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर ते टळले असते. तो प्रश्न विचारायचा तर यादीत त्याचे उत्तर असावे लागते.

प्रयोग करणाऱ्यांची अडचण याहून गंभीर आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके आता सर्वांना खुली आहेत. अत्र्यांची अजून नाहीत, शिरवाडकरांची तर पुष्कळ वर्षे नसतील. एकाच नावाच्या दोन नाटकांपैकी एक खुले आणि दुसरे परवानगीचे असू शकते. स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेने चुकीच्या नोंदीवर विसंबून परवानगी न घेता प्रयोग लावला, तर तिला मनस्ताप होईल, आणि खरी परवानगी ज्याची घ्यायला हवी होती त्याचे नुकसान होईल ते वेगळेच.

इथे एक मुद्दा मला विशेष मांडायचा आहे, कारण अर्ज देताना एका पदाधिकाऱ्यांनी मला तोंडी सांगितले, की 'एकाच नावाची दोन नाटके कायद्याने असूच कशी शकतील?' ती असू शकतात. नुसत्या शीर्षकाला आपल्या देशात लेखनहक्काचे संरक्षण नाही. 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या नावावरून उठलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच स्पष्ट केले. म्हणजे उद्या कुणी 'एकच प्याला' या नावाने संपूर्णपणे नवे नाटक लिहिले, तर केवळ नावासाठी लेखनहक्काच्या कायद्याने त्याला अडवता येणार नाही. नाव कुणाच्याच मालकीचे नसते, म्हणून ते वारंवार वापरले जाईल. आणि म्हणूनच नावाखाली नेमके कोणाचे काय आहे हे सांगण्याची जबाबदारी सूची करणाऱ्यावर येते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची केली, तीही संगणक नसताना. त्या जाड खंडांची एक प्रत आपल्याच संदर्भ विभागात, खिडकीपासून दहा पावलांवर आहे.

आपल्या बाजूचे जे म्हणणे माझ्या कानावर आले, त्याचाही विचार करते. जागा नाही, हे खरे आहे. मुंबईत पुस्तकाला फूटभर जागा मिळवणे म्हणजे काय, हे लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मला कुणी सांगायला नको. वाळवी लागलेली, पाने भुगा झालेली पुस्तके ठेवता येत नाहीत, हेही मान्य. परंतु 'ही पुस्तके दुसरीकडे मिळतीलच' असे जे म्हटले जाते, ते तपासून म्हटलेले नाही. प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्यात असा कायदा १९५४ चा आहे, आणि त्या ग्रंथालयांपैकी एक आपल्याच शहरात, फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये आहे. माझ्या वडिलांच्या ट्रंकेतली बहुतेक पुस्तके त्याआधीची. शिवाय वाडीतल्या, गावातल्या मंडळींनी पदरमोड करून छापलेली नाटके कुठल्या कायद्यान्वये कुणाकडे गेली असतील? अशी पुस्तके आपल्यासारख्या ग्रंथालयांत देणगी म्हणून येतात आणि तिथेच राहतात. तिथून निघाली की रद्दीच्या दुकानात.

ज्या पुस्तकांवर प्रॉम्प्टरच्या खुणा आहेत, त्यांच्याबद्दल एवढेच म्हणते, की त्या प्रती खरोखर दुबार असल्या तरी दुबार नाहीत. छापील प्रत नाटककाराने काय लिहिले ते सांगते. परळ-लालबागच्या मंचावर त्यातले काय बोलले गेले, काय गाळले गेले, कुठे टाळी पडली, ते या पेन्सिलीच्या खुणा सांगतात. गिरणगावातल्या त्या रंगभूमीवर भाषणे पुष्कळ होतात. तिचे कागद किती उरले आहेत, ते पाहायला मात्र कुणी जात नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

जिन्याखालचे गठ्ठे विकू नयेत, आणि विकण्याचा ठराव झाला असल्यास तो लेखी स्थगित करावा. ही मागणी आजची आहे, बाकीच्या थोड्या थांबू शकतात. नाट्यविभागातले निर्लेखन दाखल नोंदवहीशी ताडून, प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पुन्हा तपासावे. शीर्षकपान असेल तर त्यावरून. ते फाटले असेल तर पात्रांची यादी, नांदी आणि पहिला प्रवेश यांवरून नाटक ओळखता येते, आणि ओळखणारे लोक आपल्या सभासदांत आहेत. यादीत मराठी लेखक किंवा भाषांतरकार याला मुख्य रकाना द्यावा, मूळ लेखक वेगळा दाखवावा, आणि शक्य असेल तिथे प्रकाशनवर्ष, आवृत्ती व प्रथम प्रयोग करणारी मंडळी यांची नोंद घ्यावी. एकाच नावाची नाटके एकमेकांच्या नोंदीत दाखवावीत, म्हणजे एक मागणाऱ्याला दुसरे आहे हे कळेल. हस्तलिखित खुणा असलेल्या प्रती स्वतंत्र समजाव्यात. आणि यापुढे निर्लेखनाची कोणतीही यादी अमलात आणण्यापूर्वी किमान तीस दिवस फलकावर लावावी व सभासदांच्या हरकती मागवाव्यात. देणगी दिलेल्या पुस्तकांच्या बाबतीत देणगीदाराला किंवा त्याच्या घरच्यांना एक पत्र टाकावे. पुस्तक नकोच असेल तर आम्ही ते परत नेऊ.

यातल्या कोणत्याही कामासाठी मी ग्रंथालयाकडे पैसे खर्च करण्याची मागणी करत नाही. मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले, आता निवृत्त आहे, आणि माझ्यासारख्या आणखी चौघीजणी आठवड्यातले दोन दिवस विनामूल्य काम करायला तयार आहेत. त्यांची नावे अर्जात दिली आहेत.

अर्जासोबत वडिलांच्या वहीच्या पानांच्या छायाप्रतीही जोडल्या होत्या. ट्रंक देण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक पुस्तकाची नोंद करून ठेवली होती, ती प्रॉम्प्टरच्या पद्धतीने. लेखक, अंक, पुरुषपात्रे किती, स्त्रीपात्रे किती. 'हरिश्चंद्र' दोन होते. एकाला पुठ्ठाही नव्हता आणि शीर्षकपानही नव्हते, म्हणून लेखकाच्या जागी रेघ ओढून त्यांनी पुढे लिहिले आहे : 'लांबट पुस्तक. डोंबाचा प्रवेश मोठा, सावकाश वाचणे.' दुसऱ्यापुढे लिहिले आहे : 'तारामतीस पदे जास्त. पेटीवाला हुशार हवा.' आपल्या यादीत या दोहोंची मिळून एक नोंद आहे, आणि निर्लेखित झाले आहे ते बिनपुठ्ठ्याचे.

छायाप्रती कार्यालयात सापडत नसतील तर येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी मूळ वही घेऊन येते. गठ्ठ्यांची सुतळी सोडायला कुणीतरी मदतीला द्यावे, एवढी विनंती.

कळावे,

आपली,
देणगी दाखल झालेल्या ६३ नाटकांच्या प्रॉम्प्टरची मुलगी
लालबाग, मुंबई